फर्निचर काढा, पण टेम्पो यायच्या आधी त्याची गोष्ट लिहून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घर मोकळं कसं ठेवावं यावर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला. पहिल्यांदा पटला म्हणून आणि दुसऱ्यांदा राग आला म्हणून. त्यात लिहिलंय की घरात जुनं जड लाकडी सामान असेल तर पहिलं ते काढा, जागा मोकळी होते, मन मोकळं होतं वगैरे. आणि पान उलटलं की लगेच जुनं द्या नवीन घ्या अशी अर्ध्या पानाची जाहिरात. असो, जाहिरातीवर पेपर चालतो हे मलाही कळतं, मी काय कालची नाही, शाळेत बत्तीस वर्षं शिकवून रिटायर झालेली बाई आहे.

आधीच सांगते, जुनं ते सोनं असं म्हणणाऱ्यातली मी नाही. आमच्याकडे मरून रंगाचा रेक्झिनचा एक सोफासेट होता, उन्हाळ्यात त्यावर बसलं की उठताना कातडी सोलल्यासारखं वाटायचं, पाहुणे टर्रकन आवाज करत उठायचे आणि आम्ही हसू दाबायचो. तो गेला तेव्हा मी हळहळले नाही, उलट भंगारवाल्याला चहा पाजला. तेव्हा काढू नका असं माझं म्हणणं नाहीच. माझं म्हणणं एवढंच आहे की वस्तू टेम्पोत चढते तेव्हा तिच्याबरोबर जे जातं त्याचा हिशोब कुणी करत नाही, आणि ते जायच्या आधी कागदावर उतरवून घ्यायला दहा मिनिटं पण लागत नाहीत. हे मला शहाणपणानं नाही कळलं, पुरानं शिकवलं, तेच सांगते.

आपल्या घरांत मुळात फर्निचर होतंच कुठं हो? माझ्या आजोळी तासगावजवळ खेड्यात चार पाट, एक चौरंग, देव्हारा, बाज आणि धान्याची कणगी, संपलं. पाहुणा आला की घोंगडं नाहीतर सतरंजी अंथरायची. नावं बघा ना, खुर्ची अरबीतून आलेली, अलमारी पोर्तुगीजांची, टेबल इंग्रजांचं, आणि कपाट म्हणजे संस्कृतात चक्क दाराची फळी. आपलं म्हणावं असं पाट, बाज, पाळणा, माचा, एवढंच. त्यामुळं घरात एखादी वस्तू आली तर ती उगीच नाही यायची. लग्नात आंदण म्हणून यायची, बोनस मिळाला म्हणून यायची, मुलगा नोकरीला लागला, बाळंतपण आलं, म्हातारं माणूस जमिनीवरून उठेना, अशा कुठल्या तरी कारणानं यायची. म्हणून जुन्या घरातली एकेक वस्तू धरून विचारत गेलात तर त्या घरात पैसा कधी आला, कधी गेला, कुणाचे गुडघे कधी गेले, सगळं निघतं. आता आपण मोबाईलवर बघून तीन बोटांत मागवतो, तिला काय गोष्ट असणार, डिलिव्हरीवाला जिन्यात धडपडला एवढीच.

तर २०१९ चा पूर. मी सांगलीची, माहेर गावभागात आणि सासर पण गावभागातच, दोन गल्ल्या सोडून. आमच्याकडे पावसाळ्यात माणसं एकमेकांना कसे आहात असं विचारत नाहीत, "आयर्विनला किती?" असं विचारतात. म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फूट झालं. बाहेरच्यांसाठी सांगते, तो पूल १९२९ चा, तिथं ४० फूट झालं की इशारा आणि ४५ म्हणजे धोका. २००५ ला ५३ च्या वर गेलं होतं, तेव्हा आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, गुडघाभर पाणी होतं, त्यामुळं २०१९ ला ऑगस्टमध्ये परत पाणी वाढायला लागलं तेव्हा आम्ही शहाण्यासारखं सगळं कमरेच्या वर उचलून ठेवलं, गॅस कॉटवर, कागदपत्रं माळ्यावर, आणि विश्रामबागला नणंदेकडं गेलो. पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. आमच्या घरात ते डोक्याच्या वर होतं.

आठवड्यानं परत आलो तेव्हा गल्लीत चालायला वाट नव्हती. ज्यांनी पूर बघितला नाही त्यांना वाटतं घरं पडली असतील. घरं बऱ्यापैकी उभी होती हो, रस्त्यावर होतं ते फर्निचर. प्रत्येक दारासमोर ढीग, गाद्या पाणी पिऊन चौपट जड झालेल्या, सोफ्यांची पोटं फाटलेली, आणि त्या भुशाच्या बोर्डाची कपाटं तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी, हात लावला की लगदा. त्या बोर्डात लाकूड म्हणजे भुसा आणि गोंद, पाण्यात गोंदानं हात सोडला की भुसा भुश्याच्या वाटेनं जातो. आमचं टीव्हीचं युनिट तीन वर्षांपूर्वीचं, हप्ते नुकतेच फिटले होते, ते मी घमेल्यानं भरून बाहेर टाकलं, खोटं सांगत नाही, घमेल्यानं.

लोखंडी कपाटाची वेगळीच तऱ्हा. आपल्याकडं कुठलंही लोखंडी कपाट असलं तरी त्याला गोदरेजच म्हणायचं, आमचं मात्र इथल्याच एका पत्र्याचं काम करणाऱ्याकडून सासऱ्यांनी बनवून घेतलेलं. ते गाळानं असं बसलं की किल्ली फिरेना, शेवटी वेल्डरला बोलवून कापलं. आत माझा शालू होता, गाळाच्या रंगाचा झालेला. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

आणि अण्णांचं डेस्क सापडेना.

अण्णा म्हणजे माझे वडील. गणपती पेठेत हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. सांगली म्हणजे हळद हे काय सांगायला नको, आता २०१८ ला जीआय का काय ते, म्हणजे इथलीच हळद म्हणून सरकारी ओळख, मिळालंय, पण अण्णांच्या काळात हळद हीच सांगली होती, हरिपूरला जमिनीत पेवं होती त्यात पोत्याच्या पोती हळद वर्षानुवर्षं राहायची, किडा लागत नसे. ती पेवं २००५ च्या पुरात बरीच गेली. अण्णा पेढीवर गादीवर मांडी घालून बसायचे आणि पुढं ते बैठं डेस्क. आताच्या पोरांना बैठं डेस्क म्हणजे काय ते दाखवायलाच लागेल. वीतभर उंचीचे पाय, वर उतरती फळी, ती उचलली की आत खण, त्यात खतावणी, रोजमेळ, टाक, दौत, टीपकागद, आणि खाली एक छोटा ड्रॉवर पितळी कडीचा. वरच्या फळीला उजव्या बाजूला एक खोलगट जागा पडली होती, तळहाताएवढी पण नाही, हात फिरवला तरच कळायची. वर्षानुवर्षं मनगट एकाच जागी टेकून लिहिल्यामुळं लाकूड झिजलेलं. मी दहावीचा अभ्यास त्यावरच केला आणि माझं मनगट त्या खळग्यात बरोबर बसायचं नाही म्हणून मला फार राग यायचा, अण्णांचा हात मोठा होता.

ते आमच्याकडं कसं आलं याची गोष्ट घरात ठरलेली होती. पेढीवर टेबल-खुर्च्या आल्या, गाद्या निघाल्या, तेव्हा शेठनी अण्णांना बोलवून सांगितलं, दिवाणजी, एवढी वर्षं इमानानं लिहिलंत, हे डेस्क तुम्हाला बक्षीस. ही गोष्ट आम्ही शंभर वेळा ऐकली असेल. मी तिसरीत होते, अण्णा संध्याकाळी हातगाडीवर ते घेऊन आले, बरोबर हमाल, आणि दारात हळदकुंकू लावून ते आत घेतलं, हे मला स्वच्छ आठवतंय. कुंकू तेवढं लावलं म्हणायचं, हळद त्याच्या अंगाला आधीच होती. सगळ्या सांध्यांत, खणाच्या कोपऱ्यात, पेढीवरची हळदीची धूळ बसलेली. झाकण उघडलं की तो कच्च्या हळदीचा मातकट कडू वास यायचा, वह्यांना पण तोच वास, वर्गात पोरी म्हणायच्या तुझी वही लग्नाची आहे काय गं.

अण्णा गेल्यावर भावाच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती, वहिनीनं स्पष्ट सांगितलं आणि तिचं चूक नव्हतं, दोन खोल्यांत बैठं डेस्क कुठं ठेवणार. म्हणून मी मागून घेतलं. नातेवाईक म्हणाले, वाटणीत लाकूड मागणारी पहिली बाई बघितली.

तर ते डेस्क सापडेना. सोप्यात कॉटवर ठेवलं होतं, कॉट तिथंच, डेस्क नाही. ह्यांनी मागं जाऊन बघितलं आणि तिथूनच हाक मारली. ते स्वयंपाकघरात ओट्यावर बसलं होतं. अगदी सरळ, चारी पाय टेकून, गॅसच्या जागी. पाणी चढलं तसं ते तरंगलं, मधल्या दारातून आत गेलं आणि पाणी उतरलं तसं ओट्यावर टेकलं. अंगावर बोटभर गाळ, पण जसं काही कुणी लिहायला बसणार आहे असं. त्या आठवड्यात मी एकदाच रडले ते तिथं.

आमचे सुतार म्हणजे म्हातारे, ऐंशीला टेकलेले, मुलगा मॉड्युलर किचन करतो आणि हे दुरुस्तीचं बघतात. त्यांनी डेस्कवर टिचकी मारली आणि म्हणाले, दांडेलीचं सागवान आहे ताई, ह्याला पुराचं काय, तेल असतंय त्याच्या अंगात. खिळा एक नाही, खाचेत खाच बसवून लाकडाच्या खुंट्या मारलेल्या. त्यांनी जे सांगितलं ते इथं मुद्दाम लिहिते कारण पुराच्या गावात दर दोन-चार वर्षांनी कामाला येतं (२०२१ ला आलंच). गाळ वाळायच्या आधी साध्या पाण्यानं धुऊन काढा, वाळला की पॉलिश घेऊनच निघतो. उन्हात ठेवू नका, सावलीत वारं लागेल असं ठेवा, खाली विटा घाला, आणि घाई करू नका, महिना नाही दोन-तीन महिने लागू देत, उन्हात तापलं की चांगलं लाकूड पण तडकतं. ड्रॉवर फुगून अडकला असेल तर ओढू नका, वाळला की आपोआप सैल होतो. पॉलिशवर पांढरे डाग पडतात ते लाखेचं पॉलिश असेल तर स्पिरिटच्या बोळ्यानं जातात, घाबरायचं नाही. आणि नवीन प्लाय घेणार असाल तर दुकानदार वॉटरप्रूफ म्हणाला म्हणून घेऊ नका, त्यावर आयएस ७१० चा शिक्का बघा, तो पाण्यात टिकणाऱ्या प्लायचा, साधा कमर्शियल प्लाय दमट हवा सोसतो, पूर नाही सोसत.

तीन महिने डेस्क माडीवर सावलीत होतं. मग सुतारांनी ड्रॉवर काढला आणि मला बोलवलं. बघा म्हणाले. ड्रॉवरच्या बाजूच्या सांध्यातून त्यांनी पटाशीनं थोडंसं खरवडलं होतं आणि कागदावर तो भुसा घेतला होता, पिवळाधमक. दोन पूर, चाळीसेक वर्षं, आणि अण्णांच्या पेढीवरची हळद अजून तिथंच. आता हळदीचा डाग पाण्यानं जात नाही हे कुठल्याही बाईला विचारा, पण तो उन्हानं जातो हेही तिला विचारा. कपड्यावर हळद सांडली तर आपण काय करतो, धुऊन उन्हात टाकतो, दोन दिवसांत डाग फिका. सुतारांचं ऐकून सावलीत ठेवलं म्हणून ते पिवळं राहिलं, नाहीतर मी माझ्या हातानं ते घालवलं असतं.

आणि खरी गंमत पुढं आहे. ड्रॉवरच्या खालच्या अंगाला पेन्सिलनं काहीतरी लिहिलेलं होतं. ते आम्ही लहानपणापासून बघितलेलं, आडव्या ओळीत बारा वेळा ५, ५, ५ असं, प्रत्येकासमोर एक रेघ, आणि वर मोडीत काहीतरी. आम्हाला वाटायचं सुताराची मापं असतील. पेन्सिलचं शिसं पाण्यानं जात नाही, ते तसंच होतं, उलट धुतल्यावर जास्त स्पष्ट दिसायला लागलं. गल्लीतला एक मुलगा मोडीचा क्लास करत होता, त्याला बोलवलं. त्यानं मोबाईलचा टॉर्च मारून बराच वेळ घेतला, मग म्हणाला, मावशी, "डेस्क रु. ६०, पगारातून" असं आहे.

साठ रुपये, बारा हप्ते, महिन्याला पाच.

शेठनी बक्षीस दिलंच नव्हतं. अण्णांनी ते विकत घेतलं होतं, पगारातून पाच-पाच रुपये कापून, आणि घरी सांगितलं बक्षीस मिळालं. त्या काळात घरात पाच माणसं, पाच रुपये म्हणजे काय ते सांगायला नको. ज्या डेस्कवर जन्म काढला ते भंगारात जाऊ नये म्हणून घेतलं असेल, की घरच्यांना वाटावं शेठ आपल्याला मानतात म्हणून, की नुसतं बायको ओरडेल म्हणून, काय माहीत. दुसऱ्यांचे हिशोब पैशापर्यंत लिहिणारा माणूस, स्वतःचा हिशोब ड्रॉवरच्या पोटाखाली लिहून ठेवला, खोटं बोलला पण खतावणी बरोबर ठेवली.

आई तेव्हा चौऱ्याऐंशीची होती, पुण्याला भावाकडं. मला वाटलं तिला धक्का बसेल, म्हणून फोनवर जरा घोळवून घोळवून सांगितलं. ती गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मला काय कळत नव्हतं काय? वर्षभर पगार पाच रुपये कमी यायचा. मी कशाला विचारू. त्यांना वाटत होतं ना बक्षीस, मग असू दे बक्षीस."

म्हणजे बघा, आमच्या घरात एकाच डेस्कच्या तीन गोष्टी होत्या. एक आमची, एक अण्णांची, एक आईची. ते डेस्क मी त्या लेखात सांगितल्याप्रमाणं आधीच काढलं असतं तर आमची चुकीची गोष्ट तेवढी राहिली असती.

त्यानंतर मला नादच लागला म्हणा. कुणाकडं गेले की खुर्चीवर बसायच्या आधी विचारते ही कुणाची. लोक आधी हसतात, मग बोलायला लागले की थांबत नाहीत, चहा गार होतो. आमच्या मावशीकडं बाळंतिणीची बाज होती, चिंचेच्या लाकडाचे ठोकळेबाज पाय, वर सुंभाची वीण, खाली शेगडी ठेवून शेक द्यायचा, ओवा-शेपाची धुरी द्यायची. त्या एका बाजेवर घरातली आणि शेजारची मिळून किती बाळंतपणं झाली याचा हिशोब मावशीकडं होता, ती बोटांवर मोजून दाखवायची आणि दर वेळेस आकडा वेगळा यायचा. कुणाकडं दिवस राहिले की सातव्या महिन्यातच निरोप यायचा, बाज मोकळी आहे का. माझ्या मुलीच्या वेळेस मी ती आणायचं नुसतं नाव काढलं तर ती म्हणाली आई प्लीज. बरोबर आहे तिचं, ती हॉस्पिटलच्या वर-खाली होणाऱ्या बेडवर बाळंत झाली आणि सुखरूप झाली, अजून काय पाहिजे. पण बाजेची चौकशी केली तेव्हा कळलं की मावसभावानं ती चुलीला घातली. पाय तेवढे लवकर जळेनात म्हणे.

दुसरं आमच्या शेजारच्या काकूंचं. वाडा पाडून अपार्टमेंट झालं, काकूंना दुसऱ्या मजल्यावर चांगला दोन बेडरूमचा फ्लॅट मिळाला, लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, त्या खूश आहेत, उगीच रडगाणं मी गाणार नाही. फक्त झोपाळा टांगायला स्लॅबमध्ये कड्या सोडायला बिल्डर विसरला. वाड्यात तुळईला चार पितळी कड्या होत्या, त्या करकरायच्या, दुपारी गल्लीत तो आवाज आला की समजायचं काकू जेवून बसल्या. स्लॅब भरायच्या आधी दोनदा सांगितलं होतं, बिल्डर हो हो म्हणाला. आता म्हणतो भोक पाडलं तर जबाबदारी तुमची. झोपाळ्याची फळी आता गॅलरीत दोन सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवलीय, त्यावर कुंड्या. काकू तिच्यावर बसतात आणि पाय हलवतात. मी बघितलंय, पायानं जमिनीला रेटा देतात, सवयीनं. ज्यांचं आत्ता रिडेव्हलपमेंट चाललंय त्यांनी कृपा करून स्लॅब पडायच्या आधी स्वतः जाऊन कड्या बघून याव्यात, कागदावर लिहून घ्याव्यात.

डेस्कसाठी माझ्याकडं पण गिऱ्हाईक येऊन गेलं. जुन्या वस्तूंचा व्यापारी, मोठ्या शहरात माल देतो, कुणीतरी माझं नाव सांगितलं असेल. त्यानं झाकण उघडलं, कडी पितळीच आहे ना बघायला नखानं खरवडली, सागवान आहे का बघितलं, आणि आठ हजार म्हणाला. मी सहज विचारलं, हे कुणाचं, कुठलं, तुम्हाला सांगू का, म्हणजे घेणाऱ्याला सांगता येईल. तो म्हणाला नको, घेणारे पॉलिश काढून घासून पांढरं करतात, लॅपटॉपखाली ठेवायला घेतात, आणि तो खळगा मशीन मारून काढता येईल. तो खळगा! त्याला दोष देत नाही, तो लाकूड घ्यायला आला होता, लाकडाचा भाव बरोबरच सांगितला. बाकी मालाला भावच नव्हता त्याच्याकडं.

पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, शाळेच्या सहलीबरोबर मी दोन-तीनदा गेलेय. दिवे, अडकित्ते, दारं, भांडी, पाळणे, आपल्याच घरातल्यासारख्या वस्तू. केळकरांनी आपला लहानपणीच गेलेला मुलगा राजा याच्या नावानं ते उभं केलं, हे समजल्यावर तिथला साधा दिवा पण वेगळा दिसतो. पण प्रत्येक वस्तूपाशी उभं राहिलं की मला वाटतं ही कुणाच्या घरून आली असेल, देताना कोण काय म्हणालं असेल. त्या माणसांनी सांगितलं असतं तर केळकरांनी नक्की लिहून घेतलं असतं, पण आपल्याकडं वस्तू देताना माणसं म्हणतात, घ्या हो, आमच्याकडं नुसती पडलीय.

म्हणून संपादक महोदय, माझी मागणी साधी आहे. तुमच्या पुरवणीत आठवड्याला एक चौकट द्या. वाचकांनी घरातल्या एका वस्तूचा फोटो पाठवावा आणि खाली दीडशे शब्दांत लिहावं की ही कुणी आणली, कधी, पैसे कुठून आणले, कुठं डाग आहे, कुठं झिजलीय आणि कशामुळं. ऐतिहासिक असायची गरज नाही, पेशव्यांच्या वेळची म्हणून सांगणाऱ्यांना तर पहिल्यांदा बाजूला ठेवा. शिलाई मशीनचा टेबल चालेल, फोल्डिंगची लोखंडी खुर्ची चालेल, किराणा दुकानातलं बाकडं चालेल. भाषा सुधारू नका, आजी जशी सांगेल तशी छापा. आणि एक अट घाला, घरातल्या किमान दोघांना वेगवेगळं विचारायचं. दोघांनी एकच गोष्ट सांगितली तर समजा तिसऱ्याला विचारायचं राहिलं.

लोक म्हणतील जागा नाही, बातम्यांनाच पुरत नाही. राशिभविष्याला पुरते ना, मग.

माझ्यापुरतं मी सुरू केलंय. डेस्कच्या ड्रॉवरखाली अण्णांच्या पेन्सिलीशेजारी मी एक कागद चिकटवलाय, आईनं फोनवर सांगितलेलं वाक्य त्यावर जसंच्या तसं लिहिलंय, तारीख घातलीय. ती त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात गेली. माझ्या अक्षरात बॉलपेनानं लिहिलं होतं, मग आठवलं कागद पाण्यात टिकायचा नाही, म्हणून परत पेन्सिलनं लाकडावरच लिहिलं. मोडी मला येत नाही, बाळबोधच लिहिलंय.

डेस्कचा फोटो या पत्राबरोबर पाठवणार होते पण चार दिवस झाले सांगलीत उजेडच नाही, पावसाची झड लागलीय, फोटो काळा येतोय. पाणी अजून पात्रात आहे, तरी डेस्क कालच ह्यांच्याकडून माडीवर नेऊन ठेवलंय. उघडीप झाली की फोटो पाठवते, खळगा दिसेल असा तिरपा काढून.

कळावे,
आपली रोजची वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, गावभाग, सांगली